वाढदिवसाचा मांडला बाजार!

हल्ली चार-पाच वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसाचं आमंत्रण मोबाइलवर येतं. रंगीत चित्र, नाव, तारीख, वेळ, पत्ता आणि सगळ्यात खाली एक ओळ हमखास असते. ‘थीम – प्रिन्सेस, ड्रेसकोड – गुलाबी.’ कधी प्रिन्सेसच्या जागी सुपरहीरो असतो, कधी जंगल, कधी समुद्र. पाठवणाऱ्या आईने ती ओळ हौसेनेच लिहिलेली असते. लेकराचा वाढदिवस वर्षातून एकदाच येतो, हौस करायची नाही तर काय करायचं? पण मैत्रिणींनो, ती ओळ जिच्या घरी पोहोचते त्या आईचं काय होतं, याचाही एकदा विचार करायला हवा.

बचत गटाच्या कामासाठी माझं आठवड्यातून दोनदा वस्तीत जाणं असतं. तिथे भाजीचा गाडा चालवणाऱ्या एका बाईने मला असंच एक आमंत्रण दाखवलं आणि विचारलं, “ताई, हे थीम म्हणजे काय हो?” मी समजावून सांगितलं. तिने लगेच हिशेब केला. गुलाबी झगा भाड्याने आणायचा म्हटला तरी तीन-चारशे रुपये, शिवाय भेटवस्तू, शिवाय रिक्षा. मग शांतपणे म्हणाली, “जाऊ दे. पोरीला ताप आलाय म्हणून सांगते.” तिच्या आवाजात ना राग होता ना रडू. हे उत्तर तिने आधीही दिलेलं असणार, एवढं मात्र कळत होतं.

तिची मुलगी चांगल्या खासगी शाळेत शिकते. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्या कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. त्यामुळे आज एका बाकावर डॉक्टरांचा मुलगा आणि गाडीवाल्याची मुलगी शेजारी-शेजारी बसतात, डबा वाटून खातात. कायद्याने बाक एक केला. पण शाळा सुटल्यावर संध्याकाळी पाच ते सात काय होतं, ते काही कायदा ठरवत नाही. ते आपण आया ठरवतो, आणि आमंत्रणातल्या त्या एका ओळीने ठरवतो!

आता कुणी म्हणेल, ही थीमबीम म्हणजे परदेशी खूळ, आपलं साधं औक्षण बरं. मला ते पटत नाही. आपल्याकडे थीमला कधी तोटा होता का? बोरन्हाण आठवा. संक्रांत ते रथसप्तमीच्या दिवसांत लहानग्याला काळं झबलं घालायचं, हलव्याचे दागिने चढवायचे, पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे ओतायचे. रंग ठरलेला, दागिने ठरलेले, खाऊ ठरलेला. याहून चांगली थीम कुठला इव्हेंटवाला देईल? पण त्यातली खरी गंमत बघा. नटायचं ते फक्त उत्सवमूर्तीने. बाकीच्या पोरांनी यायचं तसंच, अंगावरच्या कपड्यांनी, आणि खाली सांडलेला खाऊ लुटायचा. ज्याच्या ओंजळीत जे येईल ते त्याचं! भोंडल्यात पाटावर हत्ती असतो, खिरापत ओळखायची असते. दिवाळीत मातीचा किल्ला असतो, मावळे असतात. या सगळ्यात पाहुण्या मुलाने घरून काही विकत घेऊन यायचं नसतं. थीम यजमानाच्या घरी असते, पाहुण्याच्या खिशात नसते. एवढा एकच नियम आपण विसरलो आहोत असं मला वाटतं.

मागच्या डिसेंबरात आमच्या धाकट्या जाऊबाईंच्या लेकीचा पाचवा वाढदिवस घरीच करायचं ठरलं, तेव्हा हा नियम आम्ही दोघींनी मनाशी पक्का केला. थीम कुठली, हे छोटीलाच विचारलं. आदल्याच रविवारी तिला आम्ही पुण्याच्या महात्मा फुले मंडईत नेलं होतं. १८८६ साली उघडलेली ती दगडी इमारत, आतले भाजीचे ढीग, वजनांचा खणखणाट, आरोळ्या, हे सगळं तिच्या डोक्यात घोळतच होतं. ती म्हणाली, “मंडई करू या!” झालं, ठरली थीम.

आमंत्रणात आम्ही लिहिलं, ‘आमच्या घरी बाजार भरणार आहे. रोजच्याच कपड्यांत या. येताना एक कापडी पिशवी आणा. भेटवस्तू आणू नका, बाजारात पिशवी भरून जा.’ मुलं बोलावली अकरा, वेळ पाच ते सात.

तयारी म्हणाल तर सोफा भिंतीला सरकवला, खाली चटया अंथरल्या, त्यावर जुन्या साड्या टाकून चार दुकानं थाटली. मटार, गाजरं, टोमॅटो, काकड्या, लिंबं, कोथिंबिरीच्या जुड्या, हिरव्या मिरच्या, सगळं खरंखुरं. पैसे म्हणून आधी चिंचोके सुचले होते. पण एका मुलाबरोबर त्याची दोन वर्षांची बहीण येणार होती, तिच्या नाकातोंडात चिंचोका जायचा. म्हणून जुन्या लग्नपत्रिकांचे गोल कापून त्यांचे रुपये केले. मुलांना तेच जास्त आवडले, कारण एकेका रुपयावर अर्धा-अर्धा गणपती होता! तराजू आणि वजनं मात्र हवी होती. ती मागायला मी त्या गाडेवाल्या बाईकडेच गेले आणि सांगितलं, तराजू तर द्याच, पण मुलीला घेऊन तुम्हीही या, बाकीच्या आयांबरोबर बसायला. तिची मुलगी आमच्या छोटीच्याच वर्गात आहे. त्या दिवशी कुणाला ताप आला नाही.

बाजार सुरू झाला आणि पहिल्या पाच मिनिटांत अडला. तराजू कसा धरायचा, तेच कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हा ती मुलगी पुढे झाली. रिकामा तराजू उचलून तिने आधी दोन्ही पारडी बघितली. म्हणाली, “पासंग बघावा लागतो.” मग एका बाजूला पाव किलोचं वजन, दुसऱ्या बाजूला मटार. काटा मधोमध आल्यावर वर चार शेंगा टाकल्या. “एवढं वरती द्यायचं असतं.” एक मुलगा भाव करायला लागला, तर त्याला ठणकावून सांगितलं, “अजून भवानी नाही झाली, भाव नको करू.” भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री, हेही तिनेच सगळ्यांना समजावलं. पुढचा अर्धा तास आमच्या दिवाणखान्यात अकरा पोरं भवानी, भवानी म्हणून ओरडत होती. “माझ्या आईचा गाडा आहे,” असं ती आपणहून म्हणाली. आमचा डॉक्टरांचा मुलगा तिच्याकडे अशा काही नजरेने बघत होता, की गाडा नसलेल्या आईचं आपलं नशीबच फुटकं!

चहा पिताना एका आईने हळूच मला म्हटलं, “पण शेवटी तिला भाजीवालीच केलीत ना तुम्ही?” प्रश्न टोचणारा होता, पण रास्त होता. वर्गातल्या गरीब मुलीला तिच्या आईच्याच धंद्याचं सोंग द्यायचं आणि आपण टाळ्या वाजवायच्या, यात मोठेपणा नाही. म्हणूनच आम्ही दुकानं फिरती ठेवली होती. दर दहा मिनिटांनी थाळी वाजली की विकणारे घेणारे व्हायचे आणि घेणारे विकणारे. डॉक्टरांच्या मुलानेही मिरच्या विकल्या आणि त्या मुलीनेही ऐटीत पिशवी घेऊन गाजरं घेतली, तीही नीट निवडून, दोन बाजूला काढून! थीम तिच्यासाठी निवडलीच नव्हती. पण थीम अशी होती की तिला जे येतं त्याला तिथे किंमत होती. प्रिन्सेसच्या थीममध्ये हीच मुलगी खोलीतली सगळ्यात गरीब मुलगी ठरली असती. मी त्या आईला एवढंच म्हटलं. तिला किती पटलं कोण जाणे, पण विचार करते म्हणाली.

बाजार उठल्यावर मुलांनी गोल बसून मटार सोलले, निम्मे तिथेच फस्त केले. मग प्रत्येकाने आपली भेळ आपण कालवली. चुरमुरे, बारीक शेव, टोमॅटो, गोड चटणी. औक्षण झालं, घरी केलेला रव्याचा केक कापला. जाताना प्रत्येकाच्या हातात त्याने स्वतः ‘विकत घेतलेल्या’ भाजीची पिशवी. वेगळं रिटर्न गिफ्ट नाही. दुसऱ्या दिवशी दोन आयांचे फोन आले, पोराने पहिल्यांदाच गाजर न कुरकुरता खाल्लं म्हणून! सगळा खर्च दोन हजारांच्या आत बसला.

घरी असा घाट घालायचा तर चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते. लहानग्यांची पार्टी दोन तासांपेक्षा जास्त नको, त्यानंतर रडारड ठरलेली. दुपारची झोप झाल्यावरची वेळ धरावी. मदतीला दोन-तीन मोठी मावस-चुलत भावंडं असावीत, ती आयांपेक्षा जास्त कामाला येतात. संगीत खुर्चीसारखे, ज्यात एकेक मूल बाद होतं, ते खेळ या वयाला टाळलेले बरे. चार वर्षांच्या मुलाला बाद होणं हा खेळ वाटत नाही, शिक्षा वाटते. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, कडक गोळ्या ठेवू नयेत. चार-पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात ते अडकू शकतात, असं बालरोगतज्ज्ञ बजावतात. फुगे लावणार असाल तर फुटलेल्या फुग्यांचे तुकडे लगेच उचला, तेही तोंडात जातात. आणि वर तरंगणारे गॅसचे फुगे निरांजनापासून, मेणबत्तीपासून लांबच ठेवा. त्यांत हायड्रोजन भरलेला असेल तर तो भडकतो.

सजावटीचंही तसंच. आपल्या राज्यात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून देशभरात फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, सजावटीचं थर्माकोल, प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ यांवर बंदी आहे. तरीही या वस्तू कुठून कुठून मिळतातच. आपण आणू नयेत. घरातल्या स्टीलच्या ताटल्या धुवायला अर्धा तास लागतो, तोही सगळ्यांनी मिळून लावला तर पंधरा मिनिटं.

मंडईच करा असं माझं म्हणणं नाही. पोस्ट ऑफिस करा. पोस्टकार्डं आणून मुलांना आजीला चित्र काढून पाठवू द्या. रेल्वे करा, खुर्च्यांचे डबे, तिकीट तपासनीस, चहावाला. मातीची थीम करा, कुंडीत मेथी पेरा, आठवड्याने उगवली की वाढदिवस पुन्हा आठवतो. आणि लेकीला प्रिन्सेसच हवी असेल तर? जरूर करा की! तिची हौस मोडू नका. फक्त पाहुण्यांना रोजच्या कपड्यांत बोलवा आणि पुठ्ठा, चमकी, डिंक मांडून मुकुट तिथेच करायला बसवा. येताना कुणी राजकन्या नसेल, जाताना सगळ्या असतील. मुलगेसुद्धा मुकुट घालून जातील, काही बिघडत नाही.

एक मात्र आहे. एकट्या-दुकट्या आईने हे केलं तर ‘खर्च वाचवला’ असं म्हणणारे भेटतातच. ते ऐकून घेण्याची ताकद प्रत्येकीत नसते, विशेषतः नव्या मुलींमध्ये, ज्यांच्या मागे सासर-माहेर-ऑफिस सगळंच असतं. म्हणून हे वर्गाने मिळून ठरवायला हवं. जूनमध्ये शाळा उघडली की पहिली पालकसभा होते. गृहपाठ, डबा, बस यांवर आपण तास-तास बोलतो. त्यात पाच मिनिटं वाढदिवसांसाठी मागून घ्या. आपल्या वर्गापुरतं तीन ओळींचं ठरवून टाका. पाहुण्या मुलाला ड्रेसकोड नाही. भेटवस्तू नाही. बोलवायचं तर बाकावर शेजारी बसणाऱ्यालाही बोलवायचं. यासाठी ना शाळेचं परिपत्रक लागतं ना सरकारचा कायदा. फक्त पहिला हात वर करणारी एक आई लागते. या जूनमध्ये तो हात तुमचा असू दे.