दाव्यावर बाईचं नाव का नाही?



वनहक्काचे दावे भरायला आम्ही पाड्यापाड्यांवर फिरतो आहोत. अर्जात पहिल्यांदा दावेदाराचं नाव, आणि त्याच्याच खाली पती किंवा पत्नीचं नाव लिहायची जागा आहे. बऱ्याच अर्जांत ही दुसरी जागा कोरी दिसली. विचारलं तर पुरुष म्हणतात, "घरधनी मी आहे ना? तिचं नाव कशाला?" बाई दाराआड उभी असते. तिला कोणी विचारत नाही.

आम्ही विचारतो, हा प्लॉट पिकवला कोणी? राबाला पाला-शेण डोक्यावरून कोणी आणलं? आवणीला दिवसभर चिखलात वाकलं कोण? नागली-वरईची बेणणी कोणी केली? फॉरेस्टचा गार्ड नांगर उचलून न्यायला आला, तेव्हा नांगर धरून बसल्या त्या बायाच. मोर्चाला बाया पुढे आणि कागद आला की बाया मागे, हा कुठला न्याय?

आपण अभिमानाने सांगतो, आदिवासीत हुंडा नाही. खरं आहे. आपल्यात नवरा देज देतो. वारल्यांचं लग्न धवलेरी लावते, ती बाई असते. नवऱ्याशी पटलं नाही तर बाई दुसरं घर करू शकते. हे आपलं चांगलं आहे, ते जपलं पाहिजे. पण "देज मोजलंय" म्हणून हात उचलणारेही आपलेच आहेत. घर सोडून जाणारी बाई अंगावरच्या लुगड्यानिशी जाते. वीस वर्षं कसलेली जमीन तिथंच राहते.

काही ठिकाणी समितीतले लोक म्हणाले, "यांचं लग्न लागलेलं नाही, बायको कशी लिहायची?" भाऊ हो, आपल्यात किती जोडपी बिनलग्नाची नांदतात ते सगळ्यांना माहीत आहे. लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून. पोरं मोठी झाल्यावर आईबापाचं लग्न लागतं. आपल्या आज्यांनी लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले आणि लग्नगडी झाले. नवराबायको दोघंही सावकाराच्या घरी राबले. 1945 साली वारल्यांनी वेठबिगारी आणि लग्नगडीविरुद्ध उठाव केला. मग आज पैशावाचून लग्न राहिलं म्हणून बाईचा हक्क बुडवायचा? कोण कोणाबरोबर नांदतं हे गावाला ठाऊक आहे. ग्रामसभेने तसं लिहावं.

विधवेचे हाल तर बघवत नाहीत. एका पाड्यावर नवरा मेल्यावर दिराने दाव्यात स्वतःचं नाव घातलं. बाई बोलायला लागली तशी "भुताळी आहे" अशी कुजबुज सुरू झाली. आम्ही विचारलं, नवरा होता तेव्हा ही भुताळी नव्हती काय? जमिनीचा प्रश्न आला तेव्हाच कशी झाली?

2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 4 (4) मध्ये सरळ लिहिलंय की लग्न झालेल्यांचा पट्टा दोघांच्या नावावर. एकटी बाई घर चालवत असेल तर पट्टा तिच्या एकटीच्या नावावर. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया पाहिजेत. 2012 च्या दुरुस्तीप्रमाणे ग्रामसभेला निम्मी माणसं हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. सह्या घरी जाऊन घेतल्या म्हणजे बाया हजर झाल्या असं होत नाही.

काही जण म्हणतात, "बाईचं नाव लावलं तर ती जमीन विकेल, दुसऱ्या घरी नेईल." हा पट्टा विकताच येत नाही, ना बाईला ना पुरुषाला. दारूपायी गुपचूप जमीन लिहून देणारे कोण होते, तेही आठवून बघा. दोन नावं असली की जमीन जास्त मजबूत राहते.

म्हणून आमचं म्हणणं असं. पुढच्या ग्रामसभेत प्रत्येक दावा मोठ्याने वाचा. पत्नीची जागा कोरी असेल तर तिथंच भरा. विधवा आणि एकट्या बायांचे दावे पहिले घ्या. आणि सभा बाया मोळीला गेल्यावर सकाळी नको, त्या घरी असतील तेव्हा ठेवा.

सरकारकडे आपण हक्क मागतो. तोच हक्क घरात नाकारला तर कोणत्या तोंडाने मागणार?

जोहार, जिंदाबाद!