'उद्या बाबांना घेऊन ये' म्हणण्याआधी

बीएडची इंटर्नशिप सुरू झाली, की पाठटाचण, फलकलेखन, शैक्षणिक साधनं सगळं तपासलं जातं. वर्गातल्या एखाद्या पोराच्या पाठीवर वळ दिसले तर काय करायचं, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. आणि हा प्रश्न फक्त बीएडवाल्यांचा नाही. पॉकेटमनीसाठी गल्लीतल्या पाचवी-सहावीच्या पोरांची शिकवणी घेणारे आपल्यात कितीतरी आहेत. त्या पोरांसाठी हे ताई-दादा शिक्षकच.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दर तीनपैकी दोन मुलांनी शारीरिक छळ सोसल्याचं आढळलं होतं. घरात मार खाणाऱ्यांपैकी जवळपास ८९ टक्क्यांना मारणारे आईवडीलच होते. म्हणजे तुमच्या वर्गात असं मूल असणारच.

पोरं पडतात, धडपडतात. गुडघा, नडगी, कोपर इथलं खरचटणं बहुतेकदा खेळातलंच. पण पाठ, मांडीची मागची बाजू, कान, दंडाची आतली बाजू इथे सहसा पडून लागत नाही. दुमडलेल्या वायरचा वळ तसाच वळणदार उमटतो. सावळ्या कातडीवर काळंनिळं पटकन दिसत नाही, पण दप्तर पाठीवर घेताना पोरगं कळवळतं. मार्चच्या उन्हात पूर्ण बाह्या, पीटीला दांडी, आपण खडू घ्यायला हात उचलला तरी दचकणं, शाळा सुटल्यावर घरी जायला रेंगाळणं. एकट्या खुणेवरून काही ठरवू नका. दोन-तीन जुळल्या तर लक्ष ठेवा.

आता सगळ्यात घातक सवय. वळ बघून बाई हादरतात आणि चांगल्या मनानेच सांगतात, "उद्या बाबांना घेऊन ये." बाबा येतात, हसून म्हणतात, "फार मस्ती करतो हो!" रात्री घराचं दार लागलं, की 'शाळेत चुगली केलीस' म्हणून त्या पोराला पुन्हा मार. ज्याच्यावर संशय आहे, त्यालाच आधी सावध करायचं हा कुठला न्याय?

त्यापेक्षा मुलाला जरा बाजूला घेऊन "हे कसं लागलं?" एवढंच विचारा. "बाबांनी मारलं ना?" असं त्याच्या तोंडी घालू नका. 'कुणाला सांगणार नाही' असं वचनही देऊ नका, कारण सांगावं लागणार आहे. तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा. फोटो काढून स्टाफच्या ग्रुपवर टाकणं तर अजिबात नको.

अर्थात, हातात पट्टी घेऊन वावरणाऱ्या सरांना पोरगं काही सांगेल, ही आशाच सोडा. शाळेत मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे, तरी 'मारल्याशिवाय पोरं सुधरत नाहीत' हे स्टाफरूममध्ये अजून ऐकू येतंच. आईबापही कायद्याबाहेर नाहीत. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७५ सांभाळणाऱ्यानेच क्रूरपणे वागवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद सांगतं.

पुढची पायरी मुख्याध्यापक आणि १०९८. ही चाइल्डलाइन १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली, आता देशभर आहे. फोन फुकट, चोवीस तास. गरज पडली तर प्रकरण बाल कल्याण समितीकडे जातं. मुख्याध्यापक 'शाळेचं नाव खराब होईल' म्हणून टाळू लागले, तर नंबर तुम्ही स्वतः फिरवू शकता. शिकवणीवाल्या ताई-दादांना तर वर विचारायला कुणीच नाही. त्यांनी थेट फोन लावावा.