अटक म्हणजे मार नव्हे

जळकोटच्या बाजारात लोक म्हणतात, "पारध्याला दांडका दिल्याशिवाय तो बोलत नाही." गायरान नांगरलं म्हणून धरलेल्यालाही हाच न्याय. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली गेला, पण लोकांच्या मनातून गेला नाही.

२०२४ पर्यंत लागू असलेल्या फौजदारी संहितेचं कलम ४९ सांगायचं, माणूस पळू नये एवढंच बंधन घाला, जास्त नाही. सुप्रीम कोर्टानं १८ डिसेंबर १९९६ ला बसू खटल्यात बजावलंय: अटकेचा कागद करा, साक्षीदाराची सही घ्या, घरच्यांना कळवा, दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासून घ्या.

भावांनो, बायांनो, पोलीस आले तर पळू नका, दगड उचलू नका. कागद मागा, वेळ लिहून ठेवा. गुन्हा असेल तर शिक्षा कोर्ट देईल. ते शिपायाचं काम नव्हे.