घाण त्यांची, झाडू कुणाच्या हातात?

आता हवा झाडून काढायचा धंदा निघालाय. कारखान्यांनी, मोटारींनी, विमानांनी आभाळात जो कार्बन डायऑक्साइड सोडला तो यंत्रानं परत ओढायचा, जमिनीत गाडायचा आणि टनाच्या भावानं बिल फाडायचं. आपल्यातले काही म्हणतात, हा पांढरपेशांचा विषय, आपल्याला त्याचं काय? काय म्हणजे? मे महिन्यात पत्र्याच्या झोपडीत कोण भाजतं? पाऊस फुटला की नाल्याकाठचं कुणाचं घर आधी वाहतं? आणि घाण काढायची गोष्ट निघाली की हजारो वर्षं या देशानं कुणाकडं बोट दाखवलं? मग हा विषय आपलाच.

आधी हिशेब. टन म्हणजे काय हे गोदीतल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पन्नास किलोच्या वीस गोण्या पाठीवरून गेल्या की एक टन. जग दर वर्षी कोळसा, तेल नि गॅस जाळून सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडतं. आइसलँडमध्ये क्लाइमवर्क्स कंपनीनं सप्टेंबर २०२१ मध्ये ‘ओर्का’ नावाचा कारखाना सुरू केला. क्षमता वर्षाला ४,००० टन. करा भागाकार. जगाचा साडेतीन सेकंदांचा धूर! मे २०२४ मध्ये ‘मॅमथ’ आला, क्षमता ३६,००० टन. म्हणजे अर्ध्या मिनिटाचा धूर. तीही कागदावरची क्षमता. प्रत्यक्षात पकडलेला वायू तिच्या खूपच खाली राहिला, आणि मे २०२५ मध्ये कंपनीनं नोकरकपात जाहीर केली. धंदा डगमगला की पहिला बाहेर कोण जातो, हे कामगाराला सांगायला नको.

यंत्र खोटं नाही, हे नीट ध्यानात घ्या. विज्ञानाला शिव्या घालणं बाबासाहेबांच्या पोरांना शोभत नाही. पंखे हवा ओढतात, गाळणीला वायू चिकटतो, गाळणी शंभरेक अंश तापवली की सुटतो. पाण्यात विरघळवून खालच्या काळ्या पत्थरात सोडला की दोनेक वर्षांत त्याचा दगड होतो. सगळं खरं. पण हवेच्या १० लाख भागांत हा वायू जेमतेम सव्वाचारशे भाग. म्हणजे चोवीसशे दाण्यांतून एक खडा वेचायचा. म्हणून एका टनाला २,००० युनिटांच्या आसपास ऊर्जा जाते आणि खर्च शेकडो डॉलर होतो. किरकोळ गिऱ्हाइकाला तर भाव हजार डॉलरच्या घरात. वर्षाला १०० कोटी टन काढायचे म्हटले तर सगळ्या भारतात वर्षभर तयार होणाऱ्या विजेएवढी ऊर्जा लागेल. कोळशाच्या वीजघराच्या धुराड्यात तोच वायू सात-आठ भागांत एक भाग असतो. तिथं धरणं सोपं. आणि मुळात न जाळणं सगळ्यात स्वस्त. हे मॅट्रिकच्या पोरालाही कळतं. शेठजीला का कळू नये?

कळतं त्याला. म्हणूनच तो यंत्र घेतोय. ऑक्सिडेंटल ही अमेरिकेची तेल कंपनी. वर्षानुवर्षं जुन्या विहिरींत हाच वायू दाबून ती तेल वर काढत आलीय. तिनं २०२३ मध्ये १.१ अब्ज डॉलर मोजून हवा गाळणारी कंपनी विकत घेतली आणि टेक्सासात वर्षाला ५ लाख टनांचा ‘स्ट्रॅटोस’ प्रकल्प हाती घेतला. अमेरिकी सरकारनं २०२२ च्या कायद्यात हवेतून काढून गाडलेल्या टनाला १८० डॉलरची करसवलत दिली. तोच वायू तेल काढायला वापरला तर १३० डॉलर. जुलै २०२५ मध्ये नव्या प्रकल्पांसाठी हा फरकही पुसून टाकला. आता हवा साफ करा नाहीतर तेल उपसा, दोन्हीला बक्षीस सारखंच! जुलै २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं याच कंपनीकडून ५ लाख टनांची पावती घ्यायचा करार केला. २०२० ते २०२३ या काळात मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा धूर २९ टक्क्यांनी वाढला होता. भटाला गाय दान दिली की पाप फिटतं, हा धंदा आपण ओळखतो. गाय बदलली. पाप तेच, दक्षिणाही तीच.

आता दुसरा भाव ऐका. गटारात उतरवून मारलेल्या माणसामागे ३० लाख रुपये द्या, असं ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं. त्याआधी दहा लाख होते. हजार डॉलर टनाच्या भावानं ३० लाखांत किती हवा साफ होते? जेमतेम पस्तीस टन. अमेरिकेतला एक माणूस वर्षाला चौदा टनांच्या आसपास धूर करतो. म्हणजे आपल्या एका माणसाचं मरण बरोबर त्यांच्या एका माणसाचा अडीच वर्षांचा धूर. आभाळातला एक खडा वेचायला यंत्र आहे. मॅनहोलमध्ये मात्र २०१३ चा कायदा झाल्यावरही माणूसच उतरतो! यंत्र कुठं लावायचं हे शास्त्रज्ञ ठरवत नाही, पैसा ठरवतो. आणि इथं पैशाच्याही आधी जात ठरवते.

हे सगळं आइसलँड-अमेरिकेत चाललंय म्हणून निवांत राहू नका. तिथला काळा पत्थर म्हणजे बेसाल्ट. आपला अख्खा दख्खन त्याच्यावर बसलाय, सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर. या पत्थराची भुकटी शेतात पसरली की पावसाच्या पाण्यातला वायू तिच्याशी बांधला जातो आणि पाण्याबरोबर वाहत समुद्राला मिळतो. भारतातल्या भातशेतीत हे काम करणाऱ्या माटी कार्बनला एप्रिल २०२५ मध्ये ५ कोटी डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं. बक्षिसाचे पैसे इलॉन मस्कच्या फाउंडेशनचे. शेतकऱ्याला भुकटी फुकट मिळते, पीक सुधारतं. चांगलंच आहे, त्याला मिळू दे. पण ज्याला शेतच नाही त्याचं काय? खाणीवर पत्थर फोडणाऱ्याच्या छातीत जी भुकटी जाते तिची पावती कोण फाडणार? उद्या गावाच्या गायरानाला कार्बनचा भाव आला तर पहिला नांगर कुणाच्या झोपडीवर फिरेल? १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या हाकेला ओ देऊन भूमिहीन तुरुंगात गेले ते जमिनीच्या तुकड्यासाठी. तो तुकडा आता झाडांच्या आणि टनांच्या नावानं काढून घेतला जाणार असेल तर गप्प बसायचं?

२०२२ च्या अहवालात जगाच्या हवामान शास्त्रज्ञांनी सांगितलंय की धूर झपाट्यानं तोडल्यावरही थोडा उरेलच, तो काढल्यावाचून सुटका नाही. मान्य. पण उरलेलं काढायचं यंत्र पुढं करून सगळंच ओकत राहायचं, ही लबाडी आहे. १९३६ साली बाबासाहेबांनी दाखवून दिलं की जातीनं कामाची नाही, काम करणाऱ्यांची वाटणी केली. एकानं हगायचं, दुसऱ्यानं उचलायचं, ही ती वाटणी. तीच आता आभाळावर चढवतायत. घाण आजच्या श्रीमंताची, झाडू उद्याच्या गरिबाच्या पोराच्या हातात.

म्हणून आपली मागणी साधी. ज्यानं जाळलं त्यानं आधी जाळणं थांबवावं. जुनं काढायचा खर्च त्याच्याच नफ्यातून वसूल व्हावा, आमच्या करातून नाही. कार्बनच्या नावानं गायरानाची एक गुंठाही जमीन हलता कामा नये. आणि यंत्राला पैसा आहे ना? मग पहिलं यंत्र मॅनहोलवर आणा!

आपल्या बापजाद्यांनी त्यांची घाण डोक्यावरून वाहिली. आपण नाही वाहणार. जमिनीवरची नाही, आभाळातलीही नाही.

जय भीम!