होड्यांची शाळा श्रावणात उघडते

दोस्तांनो, तुमच्या शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. नवं दप्तर, नव्या वह्या, कव्हरांच्या कागदाचा तो वास! रायगड जिल्ह्यातल्या आगरदांड्याला मात्र नेमकं त्याच सुमाराला होड्यांचं वर्ष संपतं. त्यांची मोठी सुट्टी पावसाळ्यात, आणि शाळा उघडते श्रावणात.

जरा नकाशा काढा बरं. अलिबागवरून दक्षिणेला उतरत गेलात की मुरूड लागेल. त्याच्याखाली समुद्राचं पाणी जमिनीत आत शिरलेलं दिसेल, ती राजपुरीची खाडी. खाडीच्या उत्तर काठाला आगरदांडा, समोर दक्षिण काठाला दिघी, आणि खाडीच्या तोंडाशी पाण्यात उभा जंजिरा किल्ला. आगरदांड्याहून दिघीला फेरीबोट जाते. जंजिऱ्याला जायचं तर राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या सुटतात. हो, शिडाच्याच! मासेमारीच्या बहुतेक होड्यांवर आता इंजिनं आली, पण किल्ल्याच्या वाटेवर अजून वाऱ्यावर चालणारी होडी दिसते.

पावसाळा आला की हे सगळं थांबतं. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस मासेमारीची बंदी असते. एक तर हे दिवस पुष्कळ माशांच्या विणीचे, आणि दुसरं म्हणजे त्या दिवसांतला दर्या. तो किती भयंकर असतो ते या किनाऱ्याला चांगलं ठाऊक आहे. १७ जुलै १९४७ या दिवशी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेत उलटली आणि ६०० हून अधिक माणसं बुडाली. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतून कित्येकांना वर काढलं, म्हणून तेवढे तरी वाचले. आषाढातली अमावास्या होती ती. आजही रायगडातल्या जुन्या माणसांसमोर रामदास म्हटलं की ती क्षणभर गप्प होतात.

पण होड्यांना सुट्टी म्हणजे माणसांना सुट्टी, असं समजू नका हं! होडी वर ओढतात, ओंडक्यांवर टेकवतात आणि तिच्यावर झावळ्यांचं नाहीतर ताडपत्रीचं छप्पर घालतात. याला म्हणतात होडी शाकारणं. पाऊस लाकडाला कुजवतो आणि ऊन लाकडाला तडकवतं, म्हणून दोघांनाही बाहेर ठेवायचं. मग पाऊस जरा उघडीप देईल तशी दुरुस्ती सुरू.

आधी बूड खरवडायचं. वर्षभर पाण्यात राहिलेल्या बुडाला बारीक कवचाचे जीव चिकटलेले असतात. त्यांच्यामुळे होडी जड होते, पाण्यातून सरकेनाशी होते. ते निघाले की लाकूड ठोकून बघायचं. कुठं पोकळ आवाज आला तर समजायचं, आत कुणीतरी घर केलंय! समुद्रात लाकूड पोखरणारा एक लांबट जीव असतो. दिसतो अळीसारखा, पण आहे शिंपल्यांचा भाऊबंद. बाहेरून सुईएवढं भोक आणि आत सगळी चाळण. कोलंबसाच्या चौथ्या सफरीत याच प्राण्यानं त्याच्या जहाजांची अशी गत केली, की १५०३ साली त्याला ती जमैकाच्या किनाऱ्यावर चढवावी लागली आणि जवळजवळ वर्षभर तिथंच अडकून पडावं लागलं. याला लाकूड गोड लागू नये म्हणून पूर्वी कोळी लोक होडीला मुशी माशाच्या यकृताचं तेल चोपडायचे. वास असा, की नाक धरून पळाल! आता तयार रंग मिळतात, आणि पुष्कळ जण लाकडावर फायबरचं अस्तरच चढवतात.

यानंतरचं काम सगळ्यात नाजूक. दोन फळ्यांच्या मधे जी फट असते तिच्यात कापूस ठासून भरायचा. हातात बोथट छिन्नी आणि हातोडा, टक्‌ टक्‌ टक्‌ करत बोट-बोट पुढं सरकायचं. वरून तेल आणि राळ यांचा लेप. याला कलाफत म्हणतात. अगदी याच्यासारखेच शब्द अरबीत आणि पोर्तुगीजमध्येही आहेत, म्हणजे दर्यावर्दी लोकांनी मालाबरोबर शब्दांचीही ने-आण केली! कापूस कमी पडला तर पाणी आत येणार. आणि जास्त ठासला तर? होडी पाण्यात गेली की लाकूड पाणी पिऊन फुगतं, फळ्या एकमेकींना दाबतात. मधे जागाच उरली नसेल तर फळी खिळ्यांवरून सुटू पाहते. म्हणून कापूस किती भरायचा हे हाताला कळावं लागतं, आणि ते हात वर्षानुवर्षांनी तयार होतात. फायबर आल्यापासून अशा हातांना काम कमी झालंय. मला विचाराल तर ही विद्या कुणीतरी नीट लिहून ठेवायला हवी, चित्रांसकट.

शीडही पसरून पाहायचं. ओलं गुंडाळलेलं शीड बुरशी धरतं. कुठं उसवलंय, दोर कुठं झिजलाय, डोलकाठीला चीर तर नाही ना? भर वाऱ्यात दोर तुटला तर तिथं दुकान नसतं.

आता एक प्रयोग करा. फणसाची ओली, बुळबुळीत आठळी दोन बोटांच्या चिमटीत धरा आणि तिरकी दाबा. सुर्रकन पुढं उडाली ना? शिडाच्या होडीचं थोडंफार असंच आहे. एका बाजूनं वारा शिडाला ढकलतो, दुसऱ्या बाजूनं पाणी होडीच्या बुडाला अडवतं. बाजूला सरकता येत नाही, मग होडी पुढं निसटते. म्हणूनच वारा बरोबर पाठीमागून नसला तरी होडी चालते. समोरून असला तरी ती नागमोडी जाऊन मुक्कामाला पोचते.

गंमत म्हणजे हीच युक्ती लोक बर्फावरही वापरतात! अमेरिकेतल्या मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये, युरोपात पोलंड आणि एस्टोनियात, हिवाळ्यात तळी गोठली की त्यांवर शिडाच्या होड्या पळवतात. होडीला खाली तीन धारदार पोलादी पट्ट्या असतात, बर्फावर घसरायच्या बुटांना असतात तशा. १९३७ साली ‘डेट्रॉइट न्यूज’ या वर्तमानपत्राच्या कारखान्यात अशी एक होडी बनवली, १२ फूट लांब आणि ६० चौरस फुटांच्या शिडाची. तिचं नाव ‘डीएन’, आणि तिच्याच नमुन्याच्या होड्यांच्या शर्यती आजही होतात. बर्फ अडवून धरत नाही, त्यामुळे ही होडी वाऱ्याच्या तिप्पट-चौपट वेगानं धावते!

त्यांचीही तयारी अशीच बरं का. हिवाळा यायच्या आधी पट्ट्यांना धार लावायची, डोलकाठी तपासायची, दोर बदलायचे आणि वाट बघत बसायचं. आपले कोळी समुद्र शांत व्हायची वाट बघतात, ते तळं गोठायची. बर्फाला भोक पाडून जाडी मोजल्याशिवाय शहाणा माणूस होडी काढत नाही. शिवाय गळ्यात दोन अणकुचीदार खिळे लटकवतो. बर्फ फुटून पाण्यात पडलाच तर ते काठावर रोवून वर यायला!

आपल्याकडं वाट संपते नारळी पौर्णिमेला. सरकारी बंदी इंग्रजी तारखेनं उठते आणि पौर्णिमा येते तिथीनं, त्यामुळे दोघांची गाठ दर वर्षी पडतेच असं नाही. २०२३ साली श्रावण अधिक होता. नियमानं समुद्र १ ऑगस्टला मोकळा झाला, आणि नारळी पौर्णिमा आली थेट ३० ऑगस्टला! मग काय करायचं? रोजी बुडते म्हणून निघायचं, की नारळ वाहिल्याशिवाय दर्यात शिरायचं नाही हा वाडवडिलांचा शब्द पाळायचा? घरोघरी या प्रश्नावर वाद झडतात.

पौर्णिमाच का, याचं एक साधं कारणही आहे. पौर्णिमेला आणि अमावास्येला उधाणाची भरती येते, पाणी नेहमीपेक्षा वर चढतं. उंचावर ओढून ठेवलेली जड होडी पाण्यात लोटायला असं चढलेलं पाणी सोयीचं. ही भरती किती वाजता येईल ते कोकणातली माणसं बोटांवर सांगतात. तिथीची पाऊणपट करायची, बस्स! पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दिवसा आणि रात्री साधारण सव्वाअकराला पूर्ण भरती. अष्टमीला? आठची पाऊणपट सहा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. घरातलं कॅलेंडर काढा आणि आजची भरती सांगा पाहू.

पाण्यात उतरल्यावर पहिला दिवस होडी थोडी गळते. घाबरायचं नाही, सुकलेलं लाकूड तहान भागवत असतं. पाणी उपसत राहायचं. फळ्या फुगल्या आणि गळती थांबली तर कलाफत उत्तम. नाही थांबली तर होडी पुन्हा वर, मग सण असो की नसो.

सुट्टीत जंजिऱ्याला गेलात तर शिडाच्या होडीत जरूर बसा. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, सांगेल त्याच बाजूला बसायचं, कारण माणसांच्या वजनावर होडीचा तोल असतो. फोटोसाठी सगळ्यांनी एकाच काठावर धावायचं नाही. लाइफ जॅकेट मागून घ्यायचं, आणि ते मांडीवर न ठेवता अंगात घालायचं. आईबाबांनीसुद्धा! मग खाली वाकून पायाखालच्या फळ्यांचे सांधे बघा. कापूस दिसणार नाही, लेपाची एक बारीक रेघ तेवढी दिसेल.