सही कुणाची?

पक्षाघातानंतर बऱ्याच जणांना नीट गिळता येत नाही. घास श्वासनलिकेत जातो, त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून नाकातून राइल्स ट्यूब घालतात. सुरुवातीला ती बहुधा लागतेच, त्याबद्दल तक्रार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. संमतीचा कागद येतो तो मुलाच्या हातात. पलंगावरचा माणूस शुद्धीवर असतो, सगळं ऐकत असतो, पण त्याला कुणी विचारत नाही!

आमच्या थोरल्या वन्संची जीभ उचलत नव्हती, समजत मात्र सगळं होतं. दोनदा त्यांनी नळी ओढून काढली, तर इस्पितळात त्यांचे हातच बांधून ठेवले. मी पाटी नेली (मास्तरीणबाईंची सवय, दुसरं काय!) आणि लिहून विचारलं, "नळी नको का?" त्यांनी मान हलवली. "ठसका लागून जिवावर बेतलं तर?" त्यांनी खडू घेतला आणि वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, "चहा".

समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. रुग्ण सज्ञान आहे, जिवाला तातडीचा धोका नाही, मग आईची संमती चालणार नाही, असा निकाल झाला. उपचाराचे धोके, दुसरे पर्याय, नकार दिला तर काय होईल, हे सगळं रुग्णालाच सांगायला हवं.

आणि सांगायचं तर पुरतं सांगा. नळी घातली तरी लाळ छातीत जाऊ शकते. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात तर नळीऐवजी हाताने जपून भरवावं, असं अमेरिकेतल्या वृद्धवैद्यक संघटनेने २०१४ साली म्हटलं. दाट केलेल्या पाण्याने ठसका कमी होतो, पण ते नकोसं वाटून माणूस पाणीच कमी पितो. धोका समजून घेऊन, ताठ बसून, तोंड स्वच्छ ठेवून थोडं थोडं खाणं हाही एक मार्ग आहे.

मुलांची अडचण मला कळते हो. "आईला उपाशी ठेवलं" असं नातेवाईक म्हणतील, ही भीती फार मोठी. म्हणून तर आईनेच ठरवलेलं बरं ना? निदान मुलाच्या डोक्यावरचा भार उतरतो.

असो. भाचरं हे वाचतात म्हणून लिहून ठेवते. माझ्यावर वेळ आली तर आधी मला विचारा. पाटी कपाटात खालच्या खणात आहे.