मोजणाऱ्यांना हाकलण्याआधी

मुंबईच्या मोनोरेलचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘सल्लागारांवर पैसे उधळण्यापेक्षा एखाद्या जुन्या कंडक्टरला विचारलं असतं, तर त्यानं फुकटात सांगितलं असतं.’ वाक्य टाळ्या घेणारं आहे आणि पुरावाही हाताशी आहे. २०१४ साली चेंबूर ते वडाळा आणि २०१९ साली पुढे संत गाडगे महाराज चौकापर्यंत धावू लागलेल्या या सुमारे वीस किलोमीटरच्या मार्गावर रोज लाखाहून अधिक माणसं बसतील, असं कागदावर होतं. प्रत्यक्षात आकडा वीस हजारांच्या आतच घुटमळला आणि सप्टेंबर २०२५मध्ये सेवा तात्पुरती बंद करावी लागली. तेव्हा प्रवासीसंख्येचे अंदाज सांगणारे सगळे कुडमुडे जोशी, असा निकाल देऊन लोक मोकळे होतात.

हा निकाल घाईचा आहे. मोनोरेलनंतर अवघ्या चार महिन्यांनी याच शहरात वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. लांबी जेमतेम साडेअकरा किलोमीटर. आज तिच्यात रोज साडेचार लाखांहून अधिक प्रवासी असतात. तिचाही अंदाज चढाच होता, पण मोनोरेलइतका नाही. ती पश्चिम रेल्वेला अंधेरीत आणि मध्य रेल्वेला घाटकोपरला भेटते. त्याआधी हाच प्रवास लोक ३४० नंबरच्या बसमध्ये घामाघूम होत करायचे. मोनोरेल मात्र चेंबूरच्या तेल आणि खत कारखान्यांच्या कडेनं विरळ वस्तीतून वडाळ्याला जाते, आणि गाड्या कमी असल्यानं एक चुकली की पुढचीसाठी ताटकळावं लागे. पद्धतच भोंदू असती तर दोन्ही अंदाज सारखेच आपटले असते.

यावर कंडक्टरवादी म्हणतील, अंधेरी-घाटकोपर तर आमचा कंडक्टरही सांगेल. सांगेलच, आणि बरोबर सांगेल. पण गाडी चार डब्यांची हवी की सहा, घाटकोपरला एकाच वेळी किती माणसं जिन्यावर येतील, दहा वर्षांनी त्यांतली किती दुचाकीवर गेलेली असतील, हे डेपोतल्या अनुभवातून निघत नाही. त्यासाठी घरोघर सर्वेक्षण लागतं, नाक्यानाक्यावर वाहनांची मोजणी लागते, आणि त्या ढिगातून अर्थ काढणारा माणूस लागतो.

मग अंदाज फसतात का? डेन्मार्कचे अभ्यासक बेंट फ्ल्यूबियर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली देशोदेशीचे प्रकल्प तपासले. रेल्वेच्या दहांपैकी नऊ प्रकल्पांत प्रवासीसंख्या फुगवलेली निघाली; सरासरी फुगवटा १०६ टक्के, म्हणजे प्रत्यक्षाच्या दुपटीहून जास्त. अडाण्याचा नेम चुकला तर तो कधी डावीकडे जातो, कधी उजवीकडे. हा नेम एकाच बाजूला चुकतो. भविष्य धूसर असतं, हे खरं. पण त्या धूसरपणानं एवढा एकतर्फी कल येत नाही.

कल कुठून येतो हे पाहायला फार लांब जायला नको. २०१७च्या केंद्रीय मेट्रो धोरणानुसार प्रकल्पाचा आर्थिक परतावा, म्हणजे समाजाला होणारा एकूण फायदा धरून काढलेला दर, किमान १४ टक्के हवा. त्या फायद्यात प्रवाशांचा वाचलेला वेळ मोठा, म्हणजे प्रवासी जितके जास्त तितका परतावा जास्त. आता ज्या यंत्रणेला मेट्रो हवीच आहे तिनेच सल्लागार नेमला, तर १३ टक्क्यांचा अहवाल घेऊन तो परत येईल का? त्याला खोटं बोलावंच लागत नाही. उपनगराची लोकसंख्या जरा लवकर वाढवायची, जोडबसची सोय पहिल्या दिवसापासून धरायची, गाडी दर तीन मिनिटांनी येते असं मानायचं. एकेक गृहीतक वेगळं काढून पाहिलं तर सभ्य वाटतं. सगळी एकत्र आली की स्टेशन ओस पडतं. याच धोरणानं पर्यायांची तुलना सक्तीची केली आहे, पण आधी मेट्रो ठरवून मग बसशी तुलना करणं हा निव्वळ कागदी सोपस्कार.

दुसरी एक नवी मंडळी आहे. त्यांच्या मते आता सर्वेक्षणाचं काय काम? तिकीट यंत्रात आणि मोबाइलमध्ये सगळं आहे. मला ही मंडळी कंडक्टरवाद्यांपेक्षा जास्त धोकादायक वाटतात, कारण त्यांच्याकडे आलेख असतात. तिकीट यंत्र बसमध्ये चढलेल्याला मोजतं. थांब्यावर पाऊण तास उभा राहून शेअर रिक्षात बसलेला त्यात नसतो. बस कमी करा, प्रवासी घटतात. घटलेला आकडा दाखवून आणखी बस कमी करता येतात. मुंबईच्या बेस्ट बससेवेचं अनेक वर्षं हेच झालं. जुलै २०१९मध्ये तिचं किमान भाडं ८ रुपयांवरून ५ रुपये झालं आणि काही महिन्यांतच लाखो प्रवासी वाढले. हे लोक जूनच्या तिकीट नोंदीत कुठेच नव्हते, आणि ते आकाशातूनही पडले नव्हते.

२०११च्या जनगणनेनं कामावर कसं जाता हे विचारलं, ते कमावत्यांनाच. मुलाला शाळेत सोडून, भाजी घेऊन, सासूबाईंना दवाखान्यात नेणाऱ्या बाईचे तीन तुकड्यांतले प्रवास त्या रकान्यात बसत नाहीत. त्यानंतरची जनगणना लांबत गेली, तरी नवे अहवाल २०११च्याच पायावर उभे राहतात. दारोदार जाऊन विचारण्याला पर्याय नाही, आणि ते काम सर्वांत कमी बोली लावणाऱ्याकडून उरकून घेण्याचं नाही.

तेव्हा अभ्यास हवाच, उलट आजच्याहून अधिक हवा. फक्त तो बस चालवणाऱ्या संस्थेच्या घरात हवा. पगारावर चार विश्लेषक ठेवा, गृहीतकांचे तक्ते लोकांपुढे ठेवा. आणि नंतरचा हिशेब मांडा. फ्रान्समध्ये १९८२च्या कायद्यानं मोठा वाहतूक प्रकल्प सुरू झाल्यावर तीन ते पाच वर्षांत अंदाज आणि प्रत्यक्ष यांचा ताळेबंद जाहीर करणं बंधनकारक केलं. आपल्याकडे उद्घाटनाची फीत कापली की अहवाल कपाटात जातो.

निविदेत एक कलम घालून सुरुवात करता येईल : सल्लागाराच्या मानधनाचा शेवटचा हप्ता मार्ग सुरू झाल्यावर तीन वर्षांनी, तफावतीचं कारण जाहीरपणे लिहून दिल्यावर. सल्लागार लगेच म्हणतील, उशीर कंत्राटदार करतो, भाडं सरकार ठरवतं, जोडबस महापालिका सोडत नाही, मग भुर्दंड आम्हाला का? तक्रार रास्त आहे. म्हणूनच त्यांनी नेमकं हेच लिहून द्यावं, कोणाचा वाटा किती ते. तसा कागद बाहेर पडला तर अडचण सल्लागारांपेक्षा त्यांना नेमणाऱ्यांची जास्त होईल, आणि निविदा तर तेच लिहितात.